पलटणीचे संग्रहालय पाहायला जाताना : सातारा-सांगलीकडील नवख्यांसाठी मार्गदर्शन

पलटणीचे संग्रहालय पाहायला जायचे ठरले की निघण्यापूर्वी एक नाव आणि एक क्रमांक हाताशी घ्यावा. नाव आपल्या घरातील, भावकीतील किंवा गावातील एखाद्या सैनिकाचे असावे आणि क्रमांक तो ज्या पलटणीत होता तिचा असावा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत असे नाव सापडणे अवघड नाही. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे देणारी गावे येथे तालुक्यातालुक्यांत आहेत.

ही तयारी सांगण्याचे कारण असे की, रेजिमेंटच्या संग्रहालयाची मांडणी इतर वस्तुसंग्रहालयांपेक्षा वेगळी असते. तेथे पलटणी, मोहिमा आणि पदके या क्रमाने दालने लावलेली असतात आणि ती मुळात पलटणीच्या स्वतःच्या माणसांसाठी असतात. ‘शरकत’, ‘केरेन’, ‘जमालपूर’ अशी नावे फलकांवर विशेष खुलासा न करता लिहिलेली असतात, कारण तेथल्या जवानाला ती रंगरूट असल्यापासून पाठ असतात. बाहेरून आलेला माणूस मात्र तलवारी, बंदुका आणि फोटो पाहत अर्ध्या तासात दुसऱ्या दाराने बाहेर पडतो आणि घरी आल्यावर त्याला फारसे काही आठवत नाही. एका माणसाचा आणि एका पलटणीचा माग घेत फिरणाऱ्याला तेच दालन कित्येक पटींनी अधिक सांगते, असा माझा ठाम अनुभव आहे. म्हणून या लेखात प्रत्यक्ष भेटीइतकेच महत्त्व भेटीपूर्वीच्या कामाला दिले आहे.

पहिली पायरी : घर आणि गाव

घरात जुनी लोखंडी पेटी असेल तर ती उघडावी. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पदके, टोपीवरचा बिल्ला, पलटणीतील गटफोटो यांपैकी जे काही मिळेल ते एकत्र करावे आणि त्याचे स्वच्छ फोटो काढून ठेवावेत. मूळ कागद प्रवासात बरोबर नेऊ नयेत.

पदक हाती आले तर त्याची कड भिंगातून पाहावी. पहिल्या महायुद्धातील गोल पदकांच्या कडेवर, आणि तारा असेल तर त्याच्या मागच्या बाजूस, सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घरच्यांना ‘आजोबांचे पदक’ एवढेच ठाऊक असते आणि शंभर वर्षे सारी ओळख त्या बारीक कडेवर तशीच असते. पदक ब्रासो किंवा चिंच लावून घासू नये. चकाकी येते, परंतु अक्षरे झिजतात आणि ती पुन्हा मिळत नाहीत. जुन्या फीतीचा रंग विटला असला तरी ती बदलू नये.

पदक नसेल तर गावाकडे वळावे. पहिल्या महायुद्धानंतर या गावातून इतके लोक लढाईवर गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, असे सांगणारे संगमरवरी फलक अनेक गावांत बसवले गेले. चावडी, शाळा किंवा देवळाच्या आवारात तो फलक असू शकतो. साताऱ्याजवळील अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यानंतरच्या प्रत्येक युद्धात गावची माणसे होती. सांगली-मिरजेकडील वाचकांना शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी जवळ पडेल. कोणत्याही मोठ्या संग्रहालयापूर्वी अशा एका गावी जाऊन यावे, असा माझा आग्रह आहे, कारण दालनात जे आकडे दिसतात त्यांच्यामागची घरे तेथे दिसतात.

गावातील निवृत्त सैनिकांना भेटताना आधी निरोप पाठवावा आणि त्यांना त्यांच्या हुद्द्याने, म्हणजे सुभेदारसाहेब, हवालदारसाहेब, कॅप्टनसाहेब असे संबोधावे. त्यांची भरती कोठे झाली, ट्रेनिंग कोठे झाले, पलटण कोणती, कंपनी कोणती, हे प्रश्न विचारावेत. किती शत्रू मारले हा प्रश्न कोणालाही, कधीही विचारू नये. बहुतेक जण आपल्या पलटणीबद्दल स्वतःपेक्षा अधिक भरभरून बोलतात आणि आपल्याला नेमके तेच हवे असते. त्यांची परवानगी घेऊनच बोलणे ध्वनिमुद्रित करावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी. माजी सैनिक आणि वीरपत्नी यांच्याशी त्या कार्यालयाचा नित्य संबंध असतो, त्यामुळे कोणत्या गावात कोणत्या पलटणीची माणसे आहेत हे तेथे कळू शकते.

दुसरी पायरी : क्रमांकाचा उलगडा

ही पायरी जरा किचकट आहे, परंतु तिच्याशिवाय पुढचे काही लागत नाही, म्हणून येथे सावकाश वाचावे.

जुन्या मराठा पलटणींचे क्रमांक दोनदा बदलले. मुंबई इलाख्याच्या फौजेतील पायदळ पलटणींना आरंभी साधे क्रमांक होते. १९०३ मध्ये लॉर्ड किचनर यांनी तिन्ही इलाख्यांच्या फौजांना एकच क्रमवारी लावली, तेव्हा मुंबईच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकांत १०० मिळवले गेले. त्यामुळे तिसरीची १०३ वी, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी झाली, आणि चौदावी, सोळावी व सतरावी यांच्या अनुक्रमे ११४, ११६ आणि ११७ झाल्या. पहिले महायुद्ध याच क्रमांकांनी लढले गेले. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना होऊन या सहा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि तिचे नाव पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ठरले. १०३ वी तिची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी दहावी म्हणजे प्रशिक्षण बटालियन होऊन बेळगावला स्थिरावली. तेव्हापासून बेळगाव हे मराठ्यांचे केंद्र आहे.

आता याचा उपयोग पाहावा. घरातील पदकावर १०३ हा आकडा असेल तर तो पूर्वज आजच्या पहिल्या मराठा बटालियनचा, म्हणजे ‘जंगी पलटण’चा माणूस ठरतो. या पलटणीची उभारणी १७६८ ची आहे. १०५ असेल तर ती ‘काळी पाचवी’ होय. याच पलटणीने १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहुनचा किल्ला वेढ्यात असताना महिनोन् महिने राखला, आणि लाइट इन्फंट्री, म्हणजे चपळ पायदळ, हा बहुमान तिला १८४१ मध्ये त्याबद्दल मिळाला. तिसरी बटालियन पुढे छत्रीधारी झाली, त्यामुळे ११० व्या पलटणीच्या वारशाचा एक धागा आज पॅराशूट रेजिमेंटकडे जातो. हे ठाऊक नसेल तर माणूस मराठा दालनात ‘११०’ शोधत बसतो.

१०३, ११० किंवा ११७ यांपैकी आकडा असेल आणि सन १९१५-१६ असेल, तर कुत अल अमारा हे नाव लगेच टिपून ठेवावे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीकाठच्या या गावात सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून तुर्की वेढ्यात अडकली, आणि अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. शरणागतीनंतर कैदेत आणि वाळवंटातील पायपिटीत असंख्य जवान दगावले. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ‘पणजोबा बसऱ्याकडे गेले ते आलेच नाहीत’ एवढीच आठवण उरलेली असते, त्यांपैकी काहींच्या मागे हा वेढा असतो. ११४ व्या पलटणीने ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपण्याच्या अगदी तोंडावर, त्याच भूमीत शरकत येथे झुंज दिली आणि त्या एका लढाईत २८ शौर्यपुरस्कार मिळवले. रेजिमेंटमध्ये हे नाव आजही मोठ्या आदराने घेतले जाते.

आपला पूर्वज मराठा लाइट इन्फंट्रीतच असेल असे गृहीत धरू नये. या भागातील माणसे बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलात गेली, तोफखान्यात गेली, वाहतूक आणि रसदीच्या खात्यांत गेली. महार समाजाची मुंबईच्या फौजेतील परंपरा तर फार जुनी आहे. १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद करण्यात आली, पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. आजच्या महार रेजिमेंटची स्थापना १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला झाली आणि तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. साताऱ्यात राहणाऱ्याने या संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी येथील शाळेत दाखल झालेले भीमराव हे सैन्यातून निवृत्त झालेल्या सुभेदार रामजी सकपाळ यांचे चिरंजीव होते. पलटणीतील शिक्षणाने एका पिढीला काय दिले आणि भरतीबंदीने तिच्याकडून काय काढून घेतले, हे समजून घ्यायचे असेल तर महार पलटणींचा इतिहास वाचल्यावाचून चालत नाही.

तिसरी पायरी : साताऱ्याच्या संग्रहालयात डोळा तयार करणे

बेळगाव किंवा पुणे गाठण्यापूर्वी साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय पाहावे. ते बसस्थानकाजवळ असल्यामुळे एसटीने येणाऱ्यांना सोयीचे आहे. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून वार पाहूनच निघावे. हे रेजिमेंटचे संग्रहालय नाही, परंतु पलटणींच्या आधीची मराठी युद्धपरंपरा आणि तिची शस्त्रे समजून घेण्यास योग्य जागा आहे.

तलवार पाहताना नवख्याची नजर पात्यावर जाते. ती आधी मुठीवर न्यावी. मूठ, परज (हाताचे रक्षण करणारी आड), पाते आणि म्यान असे चार भाग वेगवेगळे पाहिले की फरक दिसू लागतात. वक्र पात्याची तलवार आणि सरळ, लांब पात्याची धोप यांची तुलना करावी. अनेक मराठी तलवारींची पाती युरोपातून आलेली असत आणि मूठ येथे बसवली जाई, त्यामुळे पात्यावर परदेशी कारागिरांची चिन्हे दिसतात का ते पाहावे. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, म्हणजे मनगट वळवता येत नाही आणि वार खांद्यापासून फिरवावा लागतो, हे मूठ पाहूनच समजते. तोड्याची बंदूक आणि नंतरची चकमकीची बंदूक यांत ठिणगी कोठून येते हे शोधावे. अशा तीन-चार वस्तूंपुढे दहा-दहा मिनिटे उभे राहिले तरी सकाळ सार्थकी लागते.

याच संग्रहालयाने फलक कसा वाचावा याचा एक उत्तम धडा आपल्याला दिला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून मुदतीने आणलेली वाघनखे १९ जुलै २०२४ पासून येथे मांडण्यात आली होती आणि काही महिन्यांनी ती नागपूरकडे रवाना झाली. ही वाघनखे जेम्स ग्रँट डफ यांच्या वंशजांकडून त्या संग्रहालयात आली. ग्रँट डफ हे १८१८ पासून काही वर्षे साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातील इंग्रजांचे प्रतिनिधी होते. म्हणजे ही वस्तू साताऱ्याहून तिकडे गेली असावी, असे मानण्यास आधार आहे. परंतु १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांच्या हातात होती ती हीच, याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयाने स्वतःच म्हटले आहे. ही वाक्ये वाचून कोणाचा हिरमोड होण्याचे कारण नाही. प्रतापगडचा पराक्रम त्या वस्तूवर अवलंबून नाही. वस्तू कोणाकडून आली, कधी आली, आणि तिच्याविषयीचे विधान दप्तरातून आले की परंपरेतून, हे तीन प्रश्न प्रत्येक काचेपुढे मनात धरावेत. फलकावर ‘असे मानले जाते’ लिहिले असेल तर आपल्या वहीतही तसेच लिहावे.

चौथी पायरी : परवानगी आणि प्रवास

सरकारी संग्रहालयात तिकीट काढून जाता येते. रेजिमेंटल सेंटर मात्र चालते लष्करी ठाणे असते. तेथे रंगरुटांचे प्रशिक्षण सुरू असते, पहारा असतो आणि आत कोणाला, कधी सोडायचे हे तेथील अधिकारी ठरवतात. म्हणून सहलीची गाडी ठरवण्याआधी परवानगी मागावी, तारीख मागाहून ठरवावी.

मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर, बेळगाव येथील कमांडंट यांच्या नावे इंग्रजी किंवा हिंदीत एक पानी अर्ज करावा. आपण कोण, कोठून येणार, किती जण, त्यांची नावे आणि वये, कोणत्या आठवड्यात येणे सोयीचे आहे, आणि येण्याचा हेतू काय, एवढे त्यात पुरे. हेतूच्या जागी ‘संग्रहालय पाहणे’ एवढेच न लिहिता ‘आमच्या गावचे अमुक क्रमांकाचे अमुक सैनिक आपल्या अमुक पलटणीत होते, त्यांच्या मोहिमेची माहिती घ्यायची आहे’ असे लिहावे. पहिल्या दोन पायऱ्यांचे श्रम येथे कामी येतात. सैनिकाचा माग घेत आलेल्या कुटुंबाकडे पलटण आपुलकीने पाहते. गावातील कोणी निवृत्त सुभेदार बरोबर येण्यास तयार असतील तर त्यांचे नाव अर्जात पहिले घालावे. त्यांच्या सोबतीने जाण्यात जी मौज आणि जी माहिती आहे ती एकट्याने जाण्यात नाही. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांच्या पत्राबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे पत्र जोडता आले तर पाहावे. उत्तरासाठी दोन-तीन आठवडे तरी हाती ठेवावेत. कसम परेड किंवा रेजिमेंटचे समारंभ असतील ते दिवस टाळलेले बरे, कारण तेव्हा साऱ्यांचीच धावपळ असते.

पुणे-मिरज-बेळगाव हा एकच लोहमार्ग असल्यामुळे सातारा आणि मिरज या दोन्ही ठिकाणांहून रेल्वेने बेळगावला जाता येते. सातारा स्थानक शहराबाहेर माहुलीकडे आहे, तेवढा वेळ धरावा. रस्त्याने पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरवरून बेळगावला पोहोचवतो. वाटेत कोल्हापूरला मुक्काम केल्यास नवीन राजवाड्यातील छत्रपती शहाजी संग्रहालयातील शस्त्रे पाहता येतात.

आधार कार्ड किंवा दुसरे ओळखपत्र मूळ प्रतीत बरोबर ठेवावे. फोटोची परवानगी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, म्हणून विचारल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नये. दालनात परवानगी मिळाली म्हणजे आवारात, फाटकावर, वाहनांचे किंवा इमारतींचे फोटो काढण्यास मुभा मिळाली असे होत नाही. आतून लाइव्ह चित्रण करणे किंवा ठिकाण दाखवणारी पोस्ट टाकणे सर्वथा टाळावे. पहारेकऱ्याने फोन जमा करण्यास सांगितले तर वाद न घालता करावा. वही आणि पेन्सिल मात्र नक्की न्यावी.

पाचवी पायरी : दालनात

आवारात स्मारक असेल तर प्रथम तेथे जावे, दोन मिनिटे शांत उभे राहावे, मग दालनात शिरावे. तोफेवर बसणे, चिलखती गाडीला टेकून फोटो काढणे, मुलांना बंदुकीच्या नळीत हात घालू देणे हे प्रकार होऊ देऊ नयेत.

आत गेल्यावर लगेच आपली पलटण शोधण्याचा मोह होतो. एक फेरी सर्व दालनांतून न थांबता मारावी, कोणता कालखंड कोठे आहे हे वहीत रेखाटावे आणि दुसऱ्या फेरीत आपल्या क्रमांकापाशी यावे. युद्धसन्मानांची यादी दिसली की ती पूर्ण उतरवून घ्यावी. हे सन्मान म्हणजे ज्या लढायांत पलटणीने विशेष कामगिरी केली त्यांची अधिकृतपणे मिळालेली नावे होत. त्यांवरून पलटण कोणत्या वर्षी कोठे होती हे समजते, आणि आपला माणूस त्या वर्षी सेवेत होता का हे घरच्या कागदांशी ताडून पाहता येते.

पदकांच्या काचेपुढे नवख्याचा गोंधळ होतो, म्हणून काही खुणा सांगतो. स्वातंत्र्यानंतर युद्धभूमीवरील शौर्यासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. शत्रूशी प्रत्यक्ष युद्ध नसतानाच्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र दिले जाते. सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक यांचे उदाहरण यासाठी लक्षात ठेवावे. सातारा सैनिक स्कूलचे हे विद्यार्थी ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करीत असताना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना हुतात्मा झाले आणि त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळाले. परमवीर चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांचा आहे. जन्माने युरोपीय असलेल्या या बाई विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या, आणि चक्रावरील इंद्राच्या वज्राची कल्पना त्यांनी पुराणांच्या अभ्यासातून घेतली. शौर्यपदकांपलीकडे सेवापदके असतात. १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार ही पदके माणूस कोणत्या युद्धात किंवा आघाडीवर होता ते सांगतात, म्हणून घरच्या माणसाचा माग घेणाऱ्याला तीही तितकीच उपयोगाची आहेत.

इंग्रजी राजवटीतील सर्वोच्च शौर्यपदक व्हिक्टोरिया क्रॉस होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा रेजिमेंटच्या दोघांना ते मिळाले. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी अप्पर टायबर खोऱ्यात, सेक्शनमधील साथीदार जायबंदी झाल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर हल्ला चढवला आणि तेथेच ते कामी आले. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव हे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर कंपनीचे धावपटू म्हणून निरोप पोहोचवण्याच्या कामावर होते. त्यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून एकेक करून मागे आणले, मग परत जाऊन मशीनगनचे मोर्चे मोडले, आणि हाताला गोळी लागून बंदूक सुटल्यावर हातबॉम्बवर निभावले. शेवटी बांधावर चढून त्यांनी मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्या साथीदारांना पुढे बोलावले. या दोघांची मानपत्रे, म्हणजे पदकासोबतची पराक्रमाची अधिकृत वर्णने, दालनात किंवा अन्यत्र मिळाली तर ती सावकाश, शब्द न् शब्द वाचावीत. लष्करी मानपत्राची भाषा कोरडी असते, तिच्यात विशेषणे कमी आणि अंतरे, वेळा व क्रिया अधिक असतात. नकाशा पुढे ठेवून वाचल्यास प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो.

कागदपत्रे वगळून पुढे जाऊ नये, हे सांगण्यासाठी जमालपूरचा प्रसंग देतो. डिसेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील जमालपूरला भारतीय फौजेने वेढा घातला होता. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी तेथील पाकिस्तानी अधिकारी लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना शरण येण्याविषयी पत्र पाठवले. उत्तर आले ते बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून बाहेर पडण्याचा त्या फौजेने प्रयत्न केला, तेव्हा दक्षिणेकडील वाट अडवून लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या नेतृत्वाखाली बसली होती ती पहिली मराठा, म्हणजे आपण वर १०३ या आकड्यापासून जिचा माग काढला ती जंगी पलटण. १९१६ मध्ये वेढ्यात अडकून शरण जावे लागलेली पलटण ५५ वर्षांनी वेढा घालणाऱ्यांत होती. फलक एकेकटा वाचला तर हे ध्यानात येत नाही. पलटणीचा धागा धरून वाचले की येते.

दोन तासांहून अधिक वेळ सलग पाहू नये. मध्ये बाहेर येऊन बसावे, टिपणे पुरी करावीत. तेथे नेमलेले जवान किंवा अधिकारी माहिती सांगत असतील तर ऐकून घ्यावे आणि शंका शेवटी विचाराव्यात.

पुढच्या भेटी

पुण्यातील लष्कर भागात दक्षिण विभागाचे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. नागरिकांच्या वर्गणीतून उभारलेले हे स्मारक १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले, आणि साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतके ते जवळ आहे. मुले बरोबर असतील तर सुरुवात येथूनच करावी. खडकी येथे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग आणि अडथळे गोळीबारात काढून रणगाड्यांना वाट करून देणारे परमवीर चक्र विजेते सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे याच सॅपर्सचे होते. तेथेही परवानगीचा नियम बेळगावसारखाच धरून चालावे. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. तेथे विजयंता, सेंच्युरियन आणि १९६५ च्या युद्धात पकडलेला पॅटन उघड्यावर उभे आहेत, आणि पायदळाची दालने पाहिलेल्याला रणगाड्याचा खरा आकार तेथे कळतो.

परत आल्यावर

घरी आल्यावर आठवडाभरात टिपणे नीट लिहून काढावीत, आणि ज्या सैनिकाचे नाव घेऊन निघालो त्याच्यासाठी एक पान वेगळे करावे. तो महायुद्धात कामी आला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर त्याची नोंद विनामूल्य शोधता येते. शोधताना आडनावावर फार विसंबू नये, कारण त्या काळच्या कारकुनांनी आपली नावे ऐकून जमेल तशी लिहिली. अनेकदा केवळ पहिले नाव नोंदलेले असते. ‘मराठा’ हा शब्दही तेव्हा इंग्रजीत मध्ये ‘एच’ आणि दोन ‘टी’ घालून लिहीत, तसा लिहून पाहावा. पलटण, क्रमांक आणि तारीख यांवरून शोध अधिक खात्रीचा होतो. भारतीय सैनिकांच्या बऱ्याच नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि ‘सातारा’ हा जिल्हा दिलेला असतो, मात्र जुन्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग येत असे, म्हणून सांगलीकरांनीही याच नावाखाली पाहावे.

बसऱ्याच्या स्मारकावर नाव सापडेल या आशेने शोधणाऱ्यांना एक गोष्ट आधी ठाऊक असावी. मेसोपोटेमियात पडलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांचे ते स्मारक आहे, परंतु तेथील भिंतीवर हिंदी शिपायांची नावे कोरली गेली नाहीत. पलटणीपुढे केवळ त्यांची संख्या लिहिली गेली. या असमान वागणुकीबद्दल त्याच कमिशनने २०२१ मध्ये अहवाल काढून जाहीर माफी मागितली. नावे नोंदवहीत आहेत, त्यामुळे भिंतीच्या फोटोवर न थांबता नोंदवहीपर्यंत जावे.

सापडलेल्या नोंदीची छापील प्रत काढून एक घरच्या कागदांत, एक ग्रामपंचायतीत आणि एक गावच्या शाळेत द्यावी. घरातील पदके किंवा कागद संग्रहालयाला देण्याचा विचार असेल तर सर्व वारसांची लेखी संमती आधी घ्यावी, संग्रहालयाकडून वस्तूंच्या वर्णनासह पोच मागावी आणि देण्यापूर्वी प्रत्येक वस्तूच्या दोन्ही बाजूंचे व कडेचे फोटो काढून ठेवावेत. द्यायचे नसेल तर पदके सुती कापडात एकेक वेगळी गुंडाळून कोरड्या जागी ठेवावीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नयेत, आणि प्रत्येकाबरोबर त्या सैनिकाचे नाव, क्रमांक, पलटण व गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.